ऑरेंजचा बोल्ट

बाथर्स्ट
९ एप्रिल १९९९

प्रिय डार्सी,

कुरिंडाच्या माजी सैनिक क्लबाचे सचिव मि. ट्रेलोर यांनी मंगळवारी तुझी रायफल माझ्या टेबलावर आणून ठेवली आणि ती अस्सल असल्याच्या दाखल्यावर सही मागितली, म्हणून हे पत्र लिहिणं भाग पडलं. एरवी नाताळच्या कार्डांवर आपलं उत्तम निभत होतं.

तू आणि बेरिल खुशाल असाल. माझा गुडघा आहे तसाच आहे. पाऊस नाही. टोमॅटो अजून येताहेत.

आता रायफल. ‘सार्जंट ऑल्विन पॅस्को यांनी १९४२ साली कोकोडाच्या वाटेवर वागवलेली, सर्व आकडे जुळणारी’ असं तू पितळी पाटीवर कोरून घेतलं आहेस. पाटी सुबक आहे. बाबांचं नावही बरोबर लिहिलं आहे. खरेपणा तिथे संपतो.

मी ट्रेलोरना विचारलं, “भावाची वस्तू बहिणीकडे तपासायला पाठवायची, हे डोकं कुणाचं?”

“डार्सीचंच,” ते म्हणाले. “म्हणाला, ती जरा कुरकुर करेल, पण घरचीच आहे. करेल सही.”

संग्राहकांसाठी बंदुका तपासण्यात माझे केस पांढरे झाले. आजोबांची म्हणून लिलावातून उचललेली रायफल, वाळूत पुरून जुनी केलेली रायफल, सगळं पाहिलं. लबाडीचा मला राग येत नाही; कधी कधी कारागिरीचं कौतुकही वाटतं. तुझ्या कामात कौतुकाला जागा नाही. पुढचं लाकूड नवं आहे आणि जुनं दिसावं म्हणून त्याला चहा पाजून वर बुटाचं पॉलिश फासलं आहे. कापडातून बाहेर काढताच खोलीला सोमवारच्या शाळेचा वास आला. मग रायफलीवर ठोकलेल्या सालावर पोलादी पट्टी आडवी ठेवली. सपाट पोलादावर पट्टी सपाट बसते. इथे खालून उजेड आला. म्हणजे तिथलं पोलाद घासून खोलगट केलं आणि १९४४ होतं तिथे १९४१ ठोकलं. तो शेवटचा एकचा आकडाही वाकडा. तिरका उभा आहे, शनिवारी पबमधून निघालेल्या माणसासारखा.

ट्रेलोर फळांचा केक खात होते, ते थांबले. “म्हणजे कोकोडाची लढाई झाली तेव्हा ही रायफल...”

“तयारच झाली नव्हती.”

तुला हे माहीत होतं. म्हणून तर साल बदललंस. शिवाय सरकारची रायफल सैनिक घरी आणत नसत, ती कोठारात जमा व्हायची, हेही तुला माहीत आहे. बाबांनी ही युद्धानंतर नेमबाजी क्लबाकडून विकत घेतली. नळी नीट बसावी म्हणून त्यांनी पुढचं लाकूड आतून कोरलं आणि बाटल्यांच्या बुचांच्या चकत्या खाली लावल्या. त्या रायफलीवर ते वीस वर्षं शनिवारी नेम मारत राहिले. ते लाकूड कुठे आहे? शेगडीत घातलंस?

आणि कोकोडा. न्यू गिनीच्या त्या डोंगरवाटेवर बाबा होते, पण स्ट्रेचर वाहायला. दोन्ही हात दांड्यांना, पाय चिखलात. रायफल काय दातात धरणार होते? त्यांनी तिथून किती माणसं खाली आणली ते त्यांनी कधी सांगितलं नाही आणि तू कधी विचारलं नाहीस. तुझ्यासारख्याला पाटीवर स्ट्रेचर चालत नाही. पाटीवर बंदूक लागते.

इथवर मी हे पत्र हसत लिहू शकले असते. पुढचं लिहायचं मी दोन दिवस टाळलं.

गोळी आत सारणारा बोल्ट बाहेर काढला. त्याच्या मुठीमागचा आकडा रायफलीच्या आकड्याशी जुळतो. आता जुळतो. आधी जुळत नव्हता, आणि ते या घरात तुला आणि मला सोडून कुणाला ठाऊक? तुम्हा संग्राहकांना जुळलेल्या आकड्यांचं वेड. जुळत नसले तर चारचौघांत मान खाली जाते, मग घासा आणि ठोका. पण तू फक्त आकडा घासला नाहीस. त्याच्याजवळची ‘ओए’ ही दोन अक्षरंही घासलीस, ऑरेंजच्या कारखान्याची खूण.

मी ट्रेलोरना विचारलं, ही अक्षरं का काढली?

त्यांना माझ्याकडे पाहवेना. “डार्सी म्हणाला, तो बायकांच्या कारखान्यातला तुकडा आहे. कोकोडाच्या बंदुकीत शोभणार नाही. लोक हसतील.”

बायकांच्या कारखान्यातला तुकडा!

बाबा रायफल घ्यायला गेले तेव्हा नेमबाजी क्लबातली माणसंही हसली होती. जुळणारे आकडे असलेल्या चांगल्या रायफली मांडलेल्या असताना यांनी नेमकी विजोड उचलली. त्यांच्यातल्या हेन्शॉने विचारलं, “ऑल्विन, डोळे न्यू गिनीतच ठेवून आलास का रे?” बाबा म्हणाले, “बाकीची सरकारची आहे. बोल्ट आमच्या आयव्हीच्या कारखान्यातला आहे.” स्वयंपाकघरात त्यांनी ही गोष्ट इतक्यांदा सांगितली की आई ओला फडका फेकून मारायची. “हजार बायका होत्या तिथे! माझाच कशावरून?” बाबा म्हणायचे, “अगं, अडत नाही कुठे. म्हणजे तुझाच.” तू टेबलाखाली बसून खिदळायचास, डार्सी. तुला आठवतंय.

मला त्याच्याही आधीचं आठवतं. युद्धाच्या दिवसांत आई ऑरेंजच्या बंदुकांच्या कारखान्यातून घरी यायची, लिंबू चोळून हात धुवायची, तरी तेलाचा वास जायचा नाही. त्या वासाच्या हातांनी ती माझी वेणी घालायची. बाबांच्या अंत्यविधीच्या दिवशी मी कप विसळत होते, तेवढ्यात तू रायफल गाडीत घातलीस. मी काही बोलले नाही. वाटलं, मुलाकडे राहील, जपेल.

टॉर्च तिरपा धरला की ‘ओ’चा खालचा वळसा अजून दिसतो. तुला नीट घासताही येत नाही.

सही केली नाही. ट्रेलोरना सगळं सांगितलं. मला वाटलं, रायफल उचलून निघतील. पण ते म्हणाले, “मिस पॅस्को, कोकोडाची रायफल आसपासच्या प्रत्येक क्लबात आहे. निम्म्या खोट्या असतील. ऑरेंजच्या बाईचा बोल्ट मात्र कुणाकडे नाही.” रायफल तू क्लबाला देऊन टाकली आहेस, तेव्हा तुझी परवानगी लागत नाही. काचेच्या कपाटात ती ठेवतील, खरी हकीकत लिहून. त्या हकीकतीत साल आणि अक्षरं कुणी घासली तेही आहे. नाव माझ्या अक्षरात आहे, वाचायला सोपं.

अँझॅक दिनी, सैनिकांच्या स्मरणसोहळ्यात, कपाटावरचा पडदा ओढायचा मान तुझा होता. तो मी तुझाच ठेवायला सांगितला आहे. सकाळी लवकर ये. मी पुढच्या रांगेत असेन.

आयव्हीची मुलगी,
नेरिडा

मि. ट्रेलोर यांच्या हाती दिलं ते असं:
रायफल, बोल्टसह. तेल लावून.
पितळी पाटी. परत, तुला द्यायला.
दाखला. कोरा.
खऱ्या हकीकतीचा कागद, माझ्या सहीचा.
आईचा फोटो, डोक्याला रुमाल, यंत्रापाशी. माझ्याकडे हा एकच आहे. कपाटात बोल्टाच्या शेजारी ठेवायला.