डाव्या चाकाचा आवाज

बोरी, ता. जिंतूर
४ डिसेंबर २०२३

चुडावा मुक्कामी असलेल्या शिवानीस,

पत्रास कारण की, आपल्या फियाटचं मागचं डावं चाक आवाज करायलंय.

बापाचं पत्र बघून तुला नवल वाटंल. वाटू दे. तू ते लग्न केलंस त्या दिवशी मी मठात स्वामींसमोर गळ्यातल्या लिंगाला हात लावून म्हणालो की या पोरीशी तोंडानं बोलणार न्हाई आन् हिचा उंबरा चढणार न्हाई. चार वर्षं झाली, पाळलंय. पुढंबी पाळणार. पण लिहिणार न्हाई असं मी म्हणालो नव्हतो. परवा दुकानात बसल्या बसल्या हे ध्यानात आलं, म्हणून लिहायलो. फोन करू नको. फोन म्हंजे बोलणंच झालं.

गाडी तीसच्या पुढं गेली की मागून घरघर सुरू होती. ब्रेक दाबला की डावीकडं ओढ घेती. चाकाच्या आतल्या अंगाला तेल पाझरायलंय. आपले जुने मिस्त्री वारले. स्टँडजवळचा नवा गॅरेजवाला म्हणाला, काका, भंगारात घाला. त्याला चांगलं सुनावून आलो. तुझ्या भावाला, मल्लेशला, बॉनेट कुठून उघडतंय ते ठाऊक न्हाई. तू दहा वर्षांची असल्यापासून मिस्त्रीसंगं गाडीखाली लोळायचीस. नांदेडला डिप्लोमाबी मीच करू दिला. तवा सांग, मागचा एक्सल घरी उघडता येतो का आन् कसा.

तुझ्या आईचे गुडघे पार गेलेत. एसटीची पायरी चढवत न्हाई. गाडी हाय तवर तिचं बाहेर पडणं हाय, म्हणून गाडी चालू पायजे. बाकी घरचं काही विचारू नको. उत्तर दुकानाच्या पत्त्यावर टाक.

वीरभद्र

----

चुडावा, ता. पूर्णा
१० डिसेंबर २०२३

तीर्थरूप अप्पांना शिवानीचा शरणु शरणार्थ.

पत्र मिळालं. पाकिटावरचं अक्षर ओळखलं आणि पायरीवरच बसले. वाटलं, आईचं काही बरं-वाईट झालं. उघडून बघते तर चाकाचं दुखणं! पळवाट शोधावी तर तुम्हीच. लिंगालाही बगल दिलीत की हो. राग येऊ देऊ नका, मला बरं वाटलं म्हणून चेष्टा करतेय.

तेल पाझरतंय म्हणजे ऑइल सील गेलं, आणि घरघर आहे म्हणजे बेअरिंग गेलं. ते तेल ब्रेकवर येतं म्हणून गाडी ओढ घेते. घरी उघडता येतं, पण घाई करायची नाही. पुढच्या चाकांना दगड लावा. मागून जॅक लावलात की एक्सलखाली लाकडाचे ओंडके द्या. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरायचं नाही, तुम्हीही नाही आणि मल्लेशही नाही. चाक काढा, ब्रेकचा ड्रम काढा, मागच्या पत्र्याचे चार बोल्ट काढा. मग एक्सलचा दांडा बाहेर ओढावा लागतो, तो हाताने येत नाही. मिस्त्री काय करायचे आठवतं का? ड्रम उलटा करून सैल बसवायचे आणि आतून ठोके द्यायचे. तीन-चार ठोक्यांत दांडा निघतो.

आता माझी मजुरी. पैसे नकोत. गाडी झाली की पहिली फेरी चुडाव्याला करायची, आईला घेऊन. अपेक्षा अडीच वर्षांची झाली आणि तिनं आजी बघितली नाही. आईचा फोन तुम्ही काढून घेतलात, तिला लिहिता-वाचता येत नाही, मग मी तिच्यापर्यंत पोहोचू कशी? तुम्ही बोलू नका, उतरू नका, पाण्याचा घोटही घेऊ नका. आमचं क्वार्टर रेल्वेच्या फाटकाला लागूनच आहे. धम्मपालची ड्यूटी त्याच फाटकावर असते. आईला तिथं उतरवा आणि तासाभराने घेऊन जा. उंबरा तिनं चढायचा आहे, तुम्ही नाही. शपथ मोडत नाही, मी सगळ्या बाजूंनी तपासून बघितली.

कबूल असेल तरच पुढचं सांगते. नसेल तर गॅरेजवाल्याचं ऐका.

तुम्ही काहीही म्हणा, मी तुमचीच.
शिवानी

----

बोरी
२० डिसेंबर २०२३

चि. शिवानीस आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून आधी लय संताप आला. दोन दिवस गाडीला हात लावला न्हाई. मग तुझ्या आईनं विचारलं, कुणाचं पत्र? मला खोटं बोलता येईना. सगळं वाचून दाखवलं. अपेक्षाचं नाव आलं तसं ती उठून आत गेली, आन् बऱ्याच वेळानं बाहेर येऊन म्हणाली, कबूल म्हणून लिवा. तवा कबूल.

दांडा निघाला. तू म्हणालीस तसा ड्रम उलटा लावला. मल्लेशचा एक ठोका ड्रमला आन् दोन त्याच्या अंगठ्याला. त्याच्या बोंबलण्यानं गल्ली गोळा झाली. मी त्याला बाजूला सरकवून स्वतः ठोकलं, पाचव्या ठोक्याला हातभर दांडा बाहेर. बेअरिंग फिरवून बघितलं तर दळण दळल्यागत खरखर. त्याच्या मागं पोलादी कडं बसलंय, ते हलत न्हाई. जुनंच ठोकून परत बसवलं तर चालंल का?

तुझ्या आईनं आत्ताच धपाट्याचं पीठ दळून ठेवलंय. शेंगाच्या पोळ्या करणार म्हणती. मी म्हणालो, गाडीला चाक न्हाई आन् तुझी शिदोरी तयार. पोरीला झबलं कोणत्या मापाचं लागंल ते विचारायलीय.

तुझी आठवण काढणारे आईबाप.
वीरभद्र

----

चुडावा
२६ डिसेंबर २०२३

तीर्थरूप अप्पा आणि आईला शरणु शरणार्थ.

अप्पा, ‘आईबाप’ असं लिहिलंत, ते मी किती वेळा वाचलं ते सांगत नाही.

जुनं कडं चालणार नाही, अजिबात नाही. त्याला आम्ही कॉलर म्हणतो. तीच बेअरिंगला दांड्यावर धरून ठेवते. जुनी ठोकून बसवली तर सैल पडते आणि चालत्या गाडीतून चाक दांड्यासकट बाहेर येतं. छिन्नीने फोडून काढा. नांदेडच्या जुन्या बाजारात दोन रविवार हिंडून मी नवं बेअरिंग, कॉलर आणि सील मिळवलं, ते या पार्सलमध्ये आहे. पूर्णेच्या आयटीआयमध्ये मी शिकवते, तिथं मापंही घेतली, बरोबर आहेत.

बेअरिंग थंडच बसवायचं, पाईप लावून सरळ ठोकत. कॉलर मात्र लोहाराकडे नेऊन तापवा, सोनेरी रंग धरेपर्यंत. लाल करायची नाही. तापली की सांडशीने धरून एका दमात दांड्यावर सारा, निवली की घट्ट आवळते. शेवटी ग्रीस. बेअरिंग उघडं आहे, त्यात धुळीचा कणही जाऊ द्यायचा नाही. हात धुऊन लावा.

झबलं तीन वर्षांच्या मापाचं आणा, पोरगी अंगानं भरलीय. धम्मपाल विचारत होता की अप्पा गाडीत बसून राहणार तर त्यांना ऊन लागेल. त्यानं फाटकाजवळच्या कडुनिंबाखालची जागा झाडून ठेवलीय. मी म्हटलं, अजून गाडी दुरुस्त व्हायचीय, रोज झाडत बसणार का? तर रोज झाडतो.

वाट बघण्यात दंग असलेली,
शिवानी

----

बोरी
१६ जानेवारी २०२४

चि. शिवानीस आशीर्वाद.

एक्सल बसला. लोहारानं कॉलर बरोबर सोनेरी केली, एका दमात बसली. जिंतूरपर्यंत जाऊन आलो. ओढ गेली, तेल बंद झालं. तुझ्या हाताखाली काम केल्यागत वाटलं, हे खरं ते लिहायलो.

बारीक गुणगुण तेवढी राहिलीय डाव्या बाजूला. नवी चीज घरात आली की पूजा करायची आपली रीत, ती तुला ठाऊकच हाय. बसवायच्या आधी बेअरिंग पाटावर ठेवलं, तुझ्या आईनं हळदीकुंकू वाहिलं आन् मी चांगली चिमूटभर विभूती ओढली. मग ग्रीस भरून बसवलं. गुणगुण आपोआप जिरंल का?

आता दुसरं. मल्लेशला नांदेडचं स्थळ आलंय. आपल्यातलंच, दुकानदार घर, मुलगी शिकलेली. एकतीस वर्षांचा झाला पोरगा, तीन स्थळं आधी मोडली. का मोडली ते तुला सांगायला नको. या लोकांना मी एकच लेकरू म्हणून सांगितलंय. रविवारी मी आन् तुझी आई नांदेडला जाऊन मुलीच्या मामा-मामीला घर बघायला गाडीतून घेऊन येणार हाव. फियाट हाय हे ऐकून मामाला लय कौतुक वाटलं म्हणं.

तवा चुडाव्याला यायचं ते लग्न उरकल्यावर बघू. तुझी आई दोन दिवस माझ्याशी बोलायली न्हाई. तिलाबी समजावलंय, तूबी समजून घे. लग्न होईस्तोवर पत्र लिहू नको. दुकानात मल्लेशच्या सासरचं कुणी बसलेलं असंल तर पंचाईत. गुणगुणीचं तेवढं एका कार्डावर कळव, खाली नाव टाकू नको.

तुझं चांगलं व्हावं असंच वाटणारा,
वीरभद्र

----

चुडावा
२४ जानेवारी २०२४

श्री. वीरभद्र आष्टुरे, किराणा व्यापारी, बोरी यांस,

स. न. वि. वि.

आपलं पत्र शनिवारी मिळालं. त्यात नांदेडला कोणत्या रस्त्याने जाणार ते लिहिलं नव्हतं. मी धरून चालले की वसमतवरून जाल, तोच जवळचा. तिकडं रस्ता खोदलाय म्हणून गाड्या चुडाव्यावरून वळवल्यात, हे मला नंतर कळलं.

रविवारी दोनच्या सुमाराला मालगाडीसाठी फाटक बंद होतं. धम्मपालने केबिनमधून फोन केला. म्हणाला, शिवानी, फियाट आलीय, आई आहेत मागं, पोरीला घेऊन पळत ये. आपलं पत्र वाचलेलं असूनही मला वाटलं, तुम्ही आलात. मनात म्हटलं, बापाचं मन फिरलं, पाव्हणे गेले उडत, आधी माझ्याकडे आले. शेगडीवर चहाचं आधण टाकलं, अपेक्षाला नवा फ्रॉक घातला, केस विंचरायचे राहिले. अनवाणीच पळाले. लाज वाटते आता लिहिताना.

गाडी उसाच्या ट्रॅक्टरमागे उभी होती. तुमच्या शेजारी टोपीवाले गृहस्थ, मागे डावीकडे आई आणि तिच्याजवळ जरीच्या साडीतल्या एक बाई. आईनं मला बघितलं, अपेक्षाला बघितलं. तिचा हात वर आला आणि डोक्यावरचा पदर सारखा करून खाली गेला. मग ती मांडीकडं बघत राहिली. मी तिला दोष देत नाही. तिला तुमच्याबरोबर त्या घरात परत जायचं होतं.

मी काचेपासून चार हातांवर उभी होते. टोपीवाल्यांनी विचारलं, ही बाई आपल्या गाडीकडं अशी का बघायलीय? तुमची काच खाली होती. तुम्ही समोर बघत सांगितलंत की ती फाटकवाल्याची बायको हाय.

चार वर्षांत तुमचा आवाज ऐकला नव्हता. तो असा ऐकला. शपथ मात्र मोडली नाहीत. माझ्याशी कुठं बोललात? लहानपणी मांडीवर बसवून ज्या शरणांची वचनं माझ्याकडून पाठ करून घेतलीत, त्यात माणसाची जात विचारू नये असं होतं. मी ते खरं मानलं. तुम्ही नुसतं पाठ केलं होतं.

मालगाडी गेली आणि धम्मपालने फाटक उघडलं. रात्री विचारत होता की अजून पाच मिनिटं बंद ठेवायला हवं होतं का? मी म्हटलं, नोकरी आहे, नियमाने चालावं. अपेक्षा विचारत होती ती गाडी कुणाची. सांगितलं, बोरीच्या दुकानदाराची. चहाचं आधण आटून भांडं जळलं होतं.

आता गुणगुण. ती जिरणार नाही. विभूती म्हणजे राख. उघड्या बेअरिंगच्या ग्रीसमध्ये ती रेतीसारखी दळते. गाडी हलली तेव्हा मी ऐकलं, गुणगुण नाही ती, घरघर सुरू झालीय. तशीच चालवलीत तर बेअरिंग तापून फुटेल आणि चाक जागच्या जागी जाम होईल. आई त्याच चाकावर बसते. बेअरिंग बदलेपर्यंत तिला गाडीत घ्यायचं नाही, कुणाचंही घर बघायला न्यायचं नाही. दुसरं बेअरिंग आणि दुसरी कॉलर सोबत पाठवते आहे. कॉलर एकदा निघाली की परत वापरायची नाही, हे मागेच सांगितलंय. पूजा करायची असेल तर रिकाम्या खोक्याची करा.

हे काम पूर्ण झाल्याचं कळवण्याची गरज नाही. यापुढे गाडीचं काही विचारायचं झालं तर कुणा जाणत्या मिस्त्रीला विचारा. फाटकवाल्याच्या बायकोला त्यातलं काय कळतंय?

कळावे,
शिवानी धम्मपाल