मी पेशंट नाही हो, सिस्टर!

ती. ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार (कंबर धरली आहे, म्हणून मनातल्या मनात). धाप कशी आहे? हृदयाचं ऑपरेशन करणार नाही, त्या आयसीयूत पुन्हा पाऊल टाकणार नाही, असं तू सुनेला ठणकावलंस म्हणे. न्यूमोनियाच्या वेळी भ्रमात तू तिथल्या डॉक्टरांना शिलाई मशीनचा चोर ठरवलंस, त्यांनी तुझे हात बांधले, आणि आता तुला तोंड दाखवायची लाज वाटते. कळलं. पण आधी माझा पराक्रम ऐक!

ताई, मला भूमिका मिळाली! त्याच दवाखान्यात! (प्रमुख भूमिका, पाठांतर नाही, झोपून करायची. जणू माझ्यासाठीच लिहिलेली!) आयसीयूतल्या नर्सना डिलिरियमचं, म्हणजे आजारपणातल्या भ्रमाचं, प्रशिक्षण होतं आणि मुख्य सिस्टरांना सोंग घेणारा पेशंट हवा होता. मी पलंगाला रेल्वेचा डबा समजून "माझं स्टेशन आलं!" म्हणत उतरू बघायचं आणि नर्सनी मला सांभाळायचं. वाद घालायचा नाही, ओरडायचं नाही, हात तर मुळीच बांधायचे नाहीत.

मी असा काही रंगलो की विचारू नकोस. पण मध्येच मुख्य सिस्टरांना कोणीतरी बोलावलं, पाळी बदलली आणि नव्या दोघी आल्या. धडा त्यांनी सकाळीच गिरवला होता, मी नट आहे हे मात्र त्यांना कोणीच सांगितलं नव्हतं. मी चहाला म्हणून उठलो, तर दोघी धावल्या. मी म्हटलं, मी पेशंट नाही हो सिस्टर, नट आहे. थोरली हसून म्हणाली, "असं होय? आत्ता मात्र तुम्ही दवाखान्यात आहात, काका." धाकटीने तिला हळूच सांगितलं, मागच्या आठवड्यातले काका तर स्वतःला राजे समजत होते. मी जितकं खरं बोलावं तितकी त्यांची माया वाढे! चष्मा चढवला, पडदा उघडून उजेड दाखवला, वार सांगितला, हाताला चाळा म्हणून टॉवेल दिले. ताई, मी घड्या घातल्या गं! आणि बरं वाटलं.

मग ते टिंगटिंग वाजणारं यंत्र, त्या दोघींची ती खात्री... क्षणभर मलाच वाटलं, आपण खरंच नट आहोत ना? मी पलंगाची कड घट्ट धरली. धाकटीने माझा हात धरला. "घाबरू नका, मी इथेच आहे." आणि मला रडू फुटलं. तुझ्या वेळी असं म्हणायला तुझ्याजवळ कोणी नव्हतं, हे तेव्हा कळलं.

मुख्य सिस्टरांनी येऊन सुटका केली. त्या म्हणाल्या, हे वेड नव्हे. ताप, औषधं, जागरण यांनी मेंदू गोंधळतो आणि बहुतेकांचा पुन्हा ताळ्यावर येतो. यात लाजायचं काय?

भावजींना नमस्कार, नातवंडांना माझ्या यशाची बातमी.

तुझा,
नटसम्राट होता होता राहिलेला धाकटा

ता. क. मुख्य सिस्टरांचा अभिप्राय : रेल्वेचा भाग फार नाटकी झाला. भ्रमिष्ट वाटलात ते फक्त "मी नट आहे" म्हणालात तेव्हा.

आणखी ता. क. (पत्र खरं ह्याचसाठी.) तुला डाव्याच कानाने ऐकू येतं, 'आजी' म्हटलेलं खपत नाही, हे मी त्या दोघींना सांगून ठेवलंय. ऑपरेशनला हो म्हण. मी उशाशी बसेन. मला ओळखलं नाहीस तरी उठणार नाही. मला 'धाकट्या' म्हणून हाक मारणारं आता तुझ्याशिवाय कोणी उरलेलं नाही गं.