मामा खोटं लगन लावत नाई

९ डिसेंबर
वही घेऊन महिना झाला, आज पहिलं पान. उद्या लिहू उद्या लिहू करत संत्र्याच्या गाडीवर शेंदूरजनाघाटले गेलो, चार दिवस तिथंच. सागरदादाचे फोनवर फोन. त्याच्या सिनेमात मी हीरो आहे, हे संत्री खाता खाता विसरलोच होतो.
सिनेमा असा: वलगावच्या बौद्ध मजुराचा पोट्टा, अकोल्याच्या भटजीची पोरगी, कॉलेज, प्रेम. दादा म्हणे, अ‍ॅक्टिंग नको करू, आहे तसा राह्य. आहेच मी तसा. बारावी दोनदा.
हिरोईन मुक्ता. जठारपेठेतली, खरीखुरी गुरुजींची पोरगी. घरी सांगते, कॉम्प्युटरचा क्लास.

११ डिसें., अकोला
आज काय झालं!! माझा डायलॉग होता, "तुझ्या घरी मले पाणी तरी देतीन का?" तिनं नुसतं हसायचं होतं. मु. हसलीच नाही. म्हणे, "देतील. पण पेला कोणता देतील, माहीत नाही."
दादा कट म्हणायचंच विसरला. मी बी पुढचं विसरलो. परतीच्या एसटीत मूर्तिजापूर कधी गेलं, कळलं नाही.

१४ डिसें.
शेवटचा सीन आमच्या लग्नाचा. दादा अक्षता, अंतरपाट, होमाच्या समिधा घेऊन वलगावात हजर. आई पदर तोंडाले लावून हसत होती. मी सांगतलं, आमच्यात पांढरे कपडे, मेणबत्ती, वरून फुलं. समिधा चुलीत गेल्या.
गावातली लगनं माझे मामाच लावतात. दादा त्यांना म्हणाला, नुसते ओठ हलवा, आवाज नंतर टाकू. मामा चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, "बुद्धासमोर ओठ हालवू? मी लगन लावतो बावा, लगनाचं नाटक नाई."
तासभर मनधरणी. शेवटी इथवर आले: वचनं घेणार नाईत, त्रिशरण तेवढं म्हणतीन, पण खरं. अन् पोरीच्या बापाची हो पाह्यजे. सिनेमातलं का असेना, दोन्ही घरची हो असल्याबिगर ते उभे राहत नाईत.
म्हणजे मु.ले घरी सांगावं लागन. नाही सांगतलं तर सिनेमा गेला. सिनेमा गेला तर मी अकोल्याले जाऊ कोणत्या कामानं?

१९ डिसें., वलगाव, दुपार
मांडव पडला. अंगात मामाचा पांढरा शर्ट, बाह्या बोटापर्यंत. मु. आली, पांढऱ्या साडीत. मी पाहतच राह्यलो, हातातली मेणबत्ती आडवी झाली.
म्हणे, "बाबांना सांगितलं. सिनेमा, क्लास, तू. सगळं."
"मी म्हणजे?"
"तू म्हणजे तूच. वलगावचा, बौद्ध, बारावी दोनदा."
"मंग?"
"मग काही नाही. पूजेला बसले. तीन दिवस बोलत नाहीत."
मामा खुर्चीवरून उठेनात. न बोलणं म्हणजे हो नाई, म्हणतात. ऊन उतरून राह्यलं म्हणून दादा मामांपुढं हात जोडून राह्यला. मी मांडवामागं येऊन हे लिहून रा…
स्कूटर थांबली. धोतर, काळी टोपी. मु.च्या हातातली फुलं सांडली. तिचे बाबा.
एकटेच आले. मांडवाच्या बाहेरच उभे. मामा उठले, घरात गेले, आमच्याच रोजच्या स्टीलच्या पेल्यात पाणी घेऊन त्यांच्यासमोर जाऊन राह्यले.
गुरुजी पेल्याकडे पाहून राह्यले. हात अजून खालीच. पण मागं बी सरकले नाहीत.
वही ठेवतो, मांडवात जातो