सायमासाठी चांदी

तळेगाव ढमढेरे
१२ नोव्हेंबर २०२५

लाडक्या धाकट्या बहिणीला, जुबेदाला, आपाचा सलाम आणि दुवा.

तुझे गुडघे कसे आहेत? बद्रुद्दीनभाईंचा खोकला थांबला का? आतिफची कंबर? नाझियाला दिवस गेलेत असं कळलं, तिला उलट्या फार होत नाहीत ना? मी बरी आहे. माझं काही विचारू नकोस.

फोनवर तू मला पुरतं बोलू देत नाहीस, म्हणून लिहायला बसले. सुदर्शनची भाजीची जीप दौंडला निघाली की वाटेत वरवंडला तो तुझ्याकडं पत्र देईल.

पेपरातला फोटो बघितला. संशोधनासाठी सायमाचा सत्कार, शेजारी तू. खाली छापलंय, 'आईच्या कष्टांचं चीज झालं.' वाचून बरं वाटलं. खोटं कशाला लिहू, नाही वाटलं. तुला कावीळ झाली तेव्हा अंगावर पिणारी पोर मी इकडं आणली, ती बारावीपर्यंत माझ्याच घरात होती. तिच्या पहिलीच्या पुस्तकावर मीही अक्षरं गिरवली. आई तूच, नाही कोण म्हणतं? पण 'हिला एक खाला पण आहे' एवढं सांगायला तुझी जीभ झिजली असती का?

रमजानला सायमा आली तेव्हा चुलीपुढं बसून मला समजावत होती. औषधाला न जुमानणारे जंतू झालेत, त्यांच्यावर चांदीचे डोळ्यांना न दिसणारे कण सोडायचे. त्यानं जंतूची भिंत खिळखिळी होते आणि हरलेलं जुनं औषध आत शिरतं. काचेच्या बशीत जमलंय, माणसाला द्यायला अजून फार वर्षं. मला एवढंच कळलं, पोरीला चांदी लागते. निघताना माझे पैंजण तिच्या पिशवीत घातले. "अगं खाला, आम्हाला चांदीचं मीठ लागतं, तेही चिमूटभर!" म्हणून हसली, पण माझं मन मोडायला नको म्हणून घेऊन गेली. मी गल्लीभर सांगत सुटले, माझ्या चांदीचं औषध होतंय.

मांडवगणच्या लग्नात ते पैंजण नाझियाच्या पायात दिसले. डाव्याचं एक घुंगरू तुटलेलं, मी ओळखणार नाही? सायमानं तुझ्याकडं ठेवायला दिले असतील, तू सुनेला घातलेस. घाल बाई, पोरगी गोड आहे. पण मी अर्ध्या जेवणावरून उठले. तू सगळ्यांना म्हणालीस, "आपा रुसली."

रुसलेच होते. आणि पायही ठणकत होता.

आता लिहूनच टाकते. शुगर वाढलीय, उजव्या अंगठ्याची जखम भरत नाही. पू तपासला, तर त्यातल्या जंतूंवर निम्मी औषधं लागूच पडत नाहीत. शेजारची माया पट्टी बांधताना म्हणते, "आपा, भाची असलंच जंतू मारतीया आन् तुमी तिलाच सांगंना? कसला हेका हाय ह्यो!"

मी म्हटलं, "गप गं, तिची परीक्षा हाय."

परीक्षा कसली! सांगितलं असतं तर तिनं आधी तुला फोन केला असता, तू डबा घेऊन धावली असतीस, आणि माझ्या उशाशी तुम्ही मायलेकी एकमेकींना धरून बसला असता. ते मला बघवलं नसतं.

सोमवारी पुण्याला दवाखान्यात दाखल व्हायचंय. अंगठा राहील का जाईल, डॉक्टर सांगत नाहीत. तिचं औषध मला मिळायचं नाही, ठाऊक आहे. मी औषध मागतच नाही.

जुबेदा, तू येऊ नकोस. राग मानू नकोस. तिला एकटीला पाठव. नर्सनं "पेशंटचं कोण?" विचारलं की तिनं उठावं. तेवढं मला दे, मग जन्मभर ती तुझीच आहे.

सुदर्शन परवा माघारी येतोय. त्याच्या हाती दोन ओळी धाड. नाही म्हणणार असलीस तरी लिही.

तुझ्यावर जळणारी, पण तुझीच,
आपा