कोरी गल्ली

१८ मार्च

नाणं उडवलं. छापा आला. म्हणजे पुढच्या गल्लीतल्या चाळीस घरांच्या पत्र्यांना पांढरा रंग लागणार आणि मागच्या गल्लीतल्या चाळीस घरांना काहीच नाही. तापमान नोंदणारं यंत्र मात्र दोन्हीकडे. उन्हाळाभर तुलना करायची. रंगाने घरं खरंच थंड राहतात हे सिद्ध झालं, तर शहरभरच्या पत्र्यांना रंग मिळेल. दोन विद्यापीठांनी मिळून केलेला करार आहे हा — एक आमचं, एक समुद्रापलीकडचं. इथली सगळी जबाबदारी माझी. पहिल्यांदाच!

पलीकडचे प्रोफेसर कॉलवर सेकंदाचाही उशीर करत नाहीत. प्रयोगशाळेत त्यांचं नाव घड्याळराव. (त्यांना पत्ता नाही.)

मागच्या गल्लीला आम्ही आपापसात 'कोरी गल्ली' म्हणतो.

२ एप्रिल

आज कोऱ्या गल्लीत यंत्रं बसवली. तिसऱ्या घरात एक शिलाईवाली राहते. खाली एकच खोली, तिथे अंथरुणाला खिळलेले सासरे. म्हणून मशीन माळ्यावर, पत्र्याच्या अगदी खाली. शाळांचे गणवेश शिवते, सकाळी सातपासून.

मी शिडीवर, ती शिडी धरून उभी. म्हणाली, "ताई, पुढच्यांना रंग आणि आम्हाला नुसती डबी?"

समजावलं — एकच उन्हाळा, मग तुमचाही नंबर लागेल. तिने सगळं नीट ऐकून घेतलं. "म्हणजे आम्ही तापायचं आणि तुम्ही मोजायचं!" आणि खो खो हसली. मीही हसले. काय हसले!

निघताना माझी बाही उसवलेली तिला दिसली. "थांबा, अशा कुठे जाता?" म्हणत अंगावरच चार टाके घालून दिले. टोचली नाही एकदाही.

२३ एप्रिल

सहा अंशांचा फरक!! दुपारी दोन्ही गल्ल्यांचे आलेख एकावर एक ठेवले आणि चक्क टाळी वाजवली. विभागप्रमुख मुद्दाम खुर्चीतून उठून बघायला आले. घड्याळरावांनी कॉलवर दोनदा "सुरेख" म्हटलं. एरवी एकदाही म्हणत नाहीत.

बढती आता कुठे जात नाही.

६ मे

ती विद्यापीठात आली होती. दोन बस बदलून. खुर्चीच्या टोकाशी बसली, पिशवी मांडीवर.

"ताई, दुपारी डोकं गरगरतं हो. परवा तर भिंत धरून खाली उतरले. आमच्या एकट्या घराला रंग मारला तर एवढं काय बिघडेल?"

म्हटलं, दुपारी शिवू नका. म्हणाली, जूनमध्ये शाळा उघडतात, आता नाही शिवलं तर कधी?

मग मी ते वाक्य बोलले. "माझ्या हातात असतं तर आजच मारला असता. पण पलीकडचे ऐकायचे नाहीत."

कुणी विचारलं होतं पलीकडच्यांना? ती गेल्यावर पत्र लिहायला घेतलं. दोन ओळी झाल्या. पुसून टाकल्या. एका घराला सूट दिली की उरलेली एकोणचाळीस मागणार. आणि घड्याळरावांना वाटेल, बाई हळवी आहे, हिच्याकडून काम व्हायचं नाही. तीन आठवडेच तर राहिलेत.

घरी यांना सांगितलं. हे पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "एक रंगाचा डबा तूच नेऊन दिला असतास तर?" मी चिडले. संशोधनातलं यांना काय कळतं!

११ मे

तिच्या माळ्यावर सेहेचाळीस. जायला हवं एकदा.

१२ मे

बैठका. गेले नाही.

१४ मे

ती मशीनवरच कोसळली. नवऱ्याने फोन केला. आधी मला वाटलं, यंत्र बिघडलं म्हणून सांगतोय.

रुग्णालयात बर्फाच्या पिशव्यांमध्ये निजलेली. शुद्ध नाही. डॉक्टर म्हणाले, उष्माघात. "माणूस इतक्या उष्ण जागेत बसतंच कसं?"

परत येऊन नोंदी उघडल्या. १२.४० ला सत्तेचाळीस पूर्णांक दोन. १२.५० ला तेवढंच. १.०० ला तेवढंच. ती पडलेली होती आणि माझं यंत्र दर दहा मिनिटांनी न चुकता लिहीत होतं.

१५ मे

घड्याळरावांना फोन केला, ठरलेल्या वेळेआधीच. सगळं सांगून विचारलं — कोऱ्या गल्लीला रंग द्यायचा का? ते म्हणाले, "द्या! हे मला का विचारता आहात?"

दोन दिवसांत चाळीस पत्रे होतील. दोन दिवस! एवढंच काम होतं.

३ जून

ती घरी आली आहे. भेटून आले.

भिंतीच्या आधाराने चालते. बोलणं थोडं जड. मेंदूतला तोल सांभाळणारा भाग दुखावलाय, डॉक्टर म्हणतात, सुधारेल, नाहीतर नाही. उजवा हात थरथरतो. माझ्यासमोर सुई ओवायला बसली. चारदा प्रयत्न केला. पाचव्यांदा नवऱ्याने हात पुढे केला तेव्हा तिने सुई डबीत ठेवून दिली. तो दिवसभर हमाली करतो, आता संध्याकाळी स्वयंपाकही.

मला कसंनुसं झालेलं तिला दिसलं असावं. "तुम्ही का जिवाला लावून घेता, ताई? त्या मोठ्या लोकांपुढे तुमचं काय चालणार!"

मी विचारलंच नव्हतं, हे ओठांवर आलं होतं. तिथेच राहिलं. पाणी प्यायले आणि उठले.

२७ ऑगस्ट

नियतकालिकाने आमचा शोधनिबंध छापायला घेतला. अभिनंदनाचे फोन. तक्त्यात तिची ओळ अशी — घर क्र. ४३ : नोंदी अपूर्ण.

९ सप्टेंबर

कराराचा दुसरा टप्पा मंजूर. नवा मसुदा करायचा म्हणून जुना करार काढला आणि वाचला. पहिल्यांदा वाचला. पान नऊ : रहिवाशाच्या प्रकृतीला धोका दिसल्यास स्थानिक संशोधकाने त्या घरापुरता प्रयोग तत्काळ थांबवावा, त्यासाठी कोणाच्याही परवानगीची गरज नाही. खाली माझी सही.

ते पान घेऊन तशीच तिच्याकडे गेले. वाचून दाखवलं. मे महिन्यात कुणाला विचारलं नव्हतं, तेही सांगितलं.

ती कागदाकडे बघत राहिली. "म्हणजे कुणाला विचारायचीही गरज नव्हती?"

नव्हती, म्हटलं.