गव्हाचं मटण

आई,

तू जाऊन तीस वर्षं होत आली. आता मी तुझ्याहून वयाने मोठी झाले आहे, तरी हे लिहायला बसताना खोलीचं दार लावून घेतलं. घरात दुसरं कुणी नाही, पण दार सताड उघडं ठेवून हे लिहायची माझी छाती नाही. लोकांना मी फार धीट वाटते. कौन्सिलशी भांडते, मीटिंगमध्ये वरिष्ठांना तोंडावर नाही म्हणते. मी भित्री आहे हे फक्त तुला माहीत होतं, आणि किती भित्री आहे ते तुलाही माहीत नव्हतं. तेच सांगायचं आहे.

चौऱ्याऐंशी किंवा पंच्याऐंशी साल असेल. ईस्टरच्या सुट्टीत मी केंब्रिजहून बर्मिंगहॅमला आपल्या घरी आले होते. केंब्रिजला माझ्या घरात राहणारी एक इंग्लिश मैत्रीण मांस खात नसे. तिने मला सेटान करायला शिकवलं होतं. गव्हाच्या पांढऱ्या पिठाचा घट्ट गोळा मळायचा, पाण्यात बुडवून ठेवायचा, मग त्यातला सगळा पांढरा अंश निघून जाईपर्यंत धूत राहायचं. शेवटी हातात जो चिवट लगदा उरतो, तो शिजवला की मांसासारखा लागतो. मला लगेच तू आठवलीस. आपल्याकडे दर रविवारी मटण व्हायचं, आणि तू ते कधी खायची नाहीस. बाबांसाठी आणि माझ्यासाठी करायचीस, रस्सा उकळायला लागला की मला हाक मारायचीस, "मीठ बघ गं." मी चाखून सांगायची. तू मात्र आपली मटकीची उसळ घेऊन बसायचीस. तुला मटण आवडत नाही असंच मी समजत होते. मग एकदा मी किचनच्या दारातून तुला पाहिलं. घासायला टाकण्याआधी तू ते रिकामं पातेलं तोंडाजवळ धरून वास घेत होतीस, डोळे मिटून. मी मागे फिरले.

तर त्या रविवारी बाबा हॉस्पिटलमध्ये ड्यूटीवर होते आणि मी सिंकमध्ये पिठाचा गोळा धूत उभी आहे. तू शेजारी कांदा आणि सुकं खोबरं भाजते आहेस. सिंकमधलं पाणी दुधासारखं पांढरं झालं आणि तू ओरडलीस, "अगं, चीक का ओततेस सगळा? थांब, वाडगा दे मला." मी म्हटलं, "आई, चीक नको आहे. खाली राहतं ना, ते हवंय." तुला हसू आवरेना. "आम्ही कुरडयांना चीक ठेवायचो आणि चोथा गुरांना घालायचो. तुमच्या केंब्रिजात चोथा माणसांना घालतात वाटतं." तरी तू अर्धा चीक वाचवलासच, आणि हिंग-मीठ घालून शिजवून मला बशीत दिलास. तेवढ्यात मी मैत्रिणीने लिहून दिलेला कागद पाहिला. गोळ्याचे तुकडे पाण्यात तासभर शिजवायचे, आणि पाण्यात एक स्टॉक क्यूब. स्टॉक म्हणजे काय ते आपल्या घरात कुणाला माहीत होतं? आपल्याकडे चव वाटणातून येते. शाळेच्या जेवणातली तपकिरी ग्रेव्ही मी वर्षानुवर्षं खाल्ली होती, पण ती कशाची करतात असा प्रश्न कधी पडला नव्हता. मी समजले, काहीतरी खारट मसाला असेल. कोपऱ्यावरच्या दुकानातून घाईत एक पाकीट आणलं, एक वडी कुस्करून पाण्यात टाकली. पाण्याला छान रंग आला. वास आला तेव्हा तू वळून पाहिलंस.

तुझ्या वाटणात ते तुकडे शिजले आणि आपण दोघी टेबलाशी बसलो. तू पहिला घास घेतलास आणि चावता चावता थांबलीस. तुझा चेहरा असा उतरला की मला वाटलं घशात काही अडकलं. "हे मटण आहे," तू म्हणालीस.

"आई, it's just flour. तुझ्यासमोरच धुतलं ना मी?"

"खरं सांग. काही घातलं नाहीस ना यात?"

"नाही गं. प्रॉमिस."

तू डावा हात पुढे करून माझ्या कपाळाला लावलास. ताप बघतात तसा. मग मानेला. "बरं वाटतंय ना तुला? डोकं नाही ना दुखत?" मी हसायला लागले आणि तू मला झापलंस, "हसू नकोस!" इतक्या जोरात की माझा चमचा खाली पडला. त्यानंतर तू मला ते सगळं सांगितलंस, जे तेरा वर्षं सांगितलं नव्हतं. सात वर्षांची असताना मला मेनिंजायटिस झाला होता, एवढं मला माहीत होतं. तीन दिवस मी डोळे उघडले नव्हते हे माहीत नव्हतं. "तुझे बाबा स्वतः डॉक्टर, आणि मला सांगतात, we have to wait. मी नुसती वेट करत बसू? मी देवीला म्हटलं, ही घरी आली तर जन्मात मांस-मच्छी तोंडात घालणार नाही. तुझा जीव बांधलाय मी त्याच्यावर." मी मान खाली घालून बसले होते. मग तू पुन्हा विचारलंस, "नक्की पीठच ना?" मी म्हटलं, "नक्की." तुला इतकं हायसं वाटलं की तू तीन पोळ्या खाल्ल्यास. बोटं चाटलीस. मी तुला त्याआधी आणि त्यानंतर कधीही असं जेवताना पाहिलं नाही. हात धुताना म्हणालीस, "आणि नकळत काही झालंच असेल तर देवी पोटात घालते. जाणूनबुजून केलेलं नाही घालत."

मी कचऱ्याच्या बिनजवळ गेले ते फक्त ताटातलं खरकटं टाकायला. पाकीट वरच पडलं होतं. त्यावर ठळक अक्षरांत बीफ लिहिलेलं होतं. स्टॉक म्हणजे मांसाचा अर्क, हे मला तेव्हा कळलं. मटणसुद्धा नव्हे, आई. मी ते पाकीट कांद्याच्या सालींखाली खोल दाबलं आणि तुझ्याकडे वळून हसले.

मी बायोकेमिस्ट्री शिकत होते. एका वडीने तेरा वर्षांपूर्वीचा आजार परत येत नाही हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी परतीच्या ट्रेनमध्ये माझं डोकं दुखायला लागलं आणि मी हनुवटी छातीला लागते का ते बघितलं, कारण त्या आजारात मान कडक होते. लागली. पाच मिनिटांनी पुन्हा बघितली. पुढचे कित्येक महिने मी लेक्चरमध्ये, लॅबमध्ये, बसस्टॉपवर मान वाकवून बघत होते. मैत्रिणीने विचारलं तर म्हणायची, झोपेत अवघडली. तुला फोनवर सांगावं असं दर रविवारी वाटायचं. पण मी हॅलो म्हणायच्या आत तूच विचारायचीस, "ते गव्हाचं मटण पुन्हा कधी करतेस?" घरी आले की करायची मी, त्या वडीशिवाय. तू खायचीस आणि म्हणायचीस, "त्या दिवसासारखं नाही झालं." दोष पिठाला द्यायचीस, कधी पाण्याला, कधी माझ्या घाईला. एकदा तू स्वतः घाट घातलास, पोळीच्या कणकेचा. सगळा लगदा सिंकमध्ये गेला, पाइप तुंबला आणि बाबांना प्लंबर बोलवावा लागला. तू मला फोनवर हसत सांगत होतीस आणि मला रडू येत होतं. तुला कशाची आठवण येत होती ते मला माहीत होतं, आणि ते तुला सांगायची सोय नव्हती.

मग तू आजारी पडलीस. शेवटच्या उन्हाळ्यात तुझी कॉट खाली फ्रंट रूममध्ये आणली होती. चार चमचे भातावर तू मान फिरवायचीस. एका दुपारी मला जवळ बोलावून म्हणालीस, "ते कर ना गं. पहिल्या वेळेसारखं. बाकी काही नको मला." मी दुकानात गेले, पीठ आणलं. आणि तसलंच पाकीट आणलं, या वेळी नीट वाचून. गोळा धुतला, तुकडे उकळत ठेवले, वडीचा कागद सोडला. ती बोटांमध्ये धरून मी स्टोव्हसमोर उभी होते. आता नकळत काही नव्हतं. बाहेरच्या खोलीतून तुझी हाक आली, "झालं का?" मी म्हटलं, "झालंच." वडी पुन्हा कागदात गुंडाळली आणि कार्डिगनच्या खिशात टाकली. तू दोन घास खाल्लेस. अकरा वर्षं तू एकदाही त्याला चांगलं म्हटलं नव्हतंस. त्या दिवशी म्हणालीस, "छान झालंय हं," आणि वाटी बाजूला ठेवलीस. पुढच्या आठवड्यात तू गेलीस.

बाबांना मी नंतर ही सगळी हकिगत सांगितली. वडीची, पाकिटाची, शेवटच्या दुपारची. ते म्हणाले, "बरं केलंस. तिचं व्रत राखलंस." तेव्हापासून मीही तसंच सांगत आले. आईचं व्रत मोडायला हात धजावला नाही, असं म्हटलं की ऐकणाऱ्याचे डोळे भरून येतात. हे पत्र कुणाच्या हाती पडणार नाही, म्हणून इथे तेवढं खोटं नको. पोटात मूल होतं, घरी लहान पोरं होती, असं काही असतं तर तेही सांगितलं असतं. तसं काही नव्हतं. मी एकतीस वर्षांची होते, धडधाकट होते. स्टोव्हसमोर उभी असताना तुझं व्रत माझ्या मनातसुद्धा आलं नाही, आई. मी मरेन असं वाटलं, म्हणून वडी नाही घातली.