तुमच्या भावाचा मासा

वन्संना वाकून नमस्कार,

तुमचे गुडघे कसे आहेत? जिने चढू नका. इथे सगळं ठीक. भावाच्या निवृत्तीला तुम्ही पाठवलेला ओव्हन पोचला, बसवून झाला, आणि रविवारी त्यातून धूरही निघाला, म्हणजे चालतो.

हकिगत अशी. ज्या माणसाने चौतीस वर्षांत स्वतःचा चहाचा कप विसळला नाही (मी मोजत नव्हते, दिसायचं), त्याने जाहीर केलं की ऑफिसातल्या जुन्या साहेबांना जेवायला बोलवायचं आणि मासा आपण स्वतः करायचा. अख्खा. आयुष्यभर नकाशे काढले, पण बाजारात जाताना ट्रेचं माप काही घेतलं नाही. मासा चार बोटं मोठा निघाला. कापू देईनात, "रूप जातं," म्हणे. मग तिरपा घातला. शेपूट तापलेल्या सळईला टेकलं, घरभर धूर झाला आणि शेजारीण पाण्याची बादली घेऊन धावत आली. (तिला मीच थोपवलं. आता वाटतं, उगाच थोपवलं.)

"स्वतः करायचा" म्हणजे काय, तेही सांगते. खवले मी काढले, पोट मी साफ केलं, लसूण मी वाटला, लिंबं मी पिळली. त्यांनी दार उघडलं, मासा आत सारला, दार लावलं आणि काचेपुढे खुर्ची टाकून बसले, बाळंतिणीच्या खोलीबाहेर बसावं तसे.

साहेब जेवले. बोटं चाटत मला म्हणाले, "वहिनी, शिका जरा यांच्याकडून." त्यावर तुमच्या भावाने काय म्हणावं? "तिला आपलं तेलात तळायचंच माहीत." मी हसले. सवय आहे. ताटं उचलायला गेले, तर ट्रेमध्ये नुसता मधला काटा. विचारलं, माझ्यासाठी? तर म्हणाले, "अगं, तू बसलीसच कुठे आमच्याबरोबर?"

दोन दिवस ओव्हन घासते आहे, वन्सं. ते फोनवर सगळ्यांना कृती सांगताहेत. लसणाचा उल्लेख येतो. माझा येत नाही.

तुमची,
वहिनी

ता. क. गुरुवारी दुपारच्या बसने मी तुमच्याकडे येते आहे. महिनाभर राहीन म्हणते. त्यांना अजून बोलले नाही. विचारलंच, तर तुम्हीच बोलावलंत असं सांगा.

आणखी एक. काट्याला थोडं चिकटून राहिलं होतं, ते सिंकपाशी उभ्याने खाल्लं. मासा फार सुंदर झाला होता, वन्सं. इतका चांगला मला कधीच जमला नाही. हे मात्र त्यांना मरेपर्यंत कळता कामा नये.